मरायला पाठवण्याआधी काय सांगितलं?

'स्टार वॉर्स'च्या विश्वातली 'अँडॉर' ही मालिका पाहिलेल्या कोणालाही विचारा, त्यातल्या साम्राज्याविरुद्धच्या बंडातला सगळ्यात मोठा माणूस कोण? बहुतेक जण ल्यूथेन रेलचं नाव घेतात. का, म्हणून विचारलं की पहिल्या पर्वाच्या दहाव्या भागातलं त्याचं भाषण सांगतात. ते भाषण आहेच तसं. साम्राज्याच्या गुप्तचर खात्यात त्याने पेरलेला लॉनी युंग त्याला शहराच्या पोटात, अंधाऱ्या जागी भेटायला आलेला असतो. लॉनीला मुलगी झाली आहे आणि त्याला या कामातून सुटका हवी आहे. सुटका नाही हे कळल्यावर तो चिडून विचारतो, आणि तू काय गमावलंस? ल्यूथेन सांगतो: मनाची शांती, माया, नातीगोती, प्रेम, सगळंच. शत्रूला हरवायला शत्रूचीच हत्यारं हातात घ्यावी लागली. जी पहाट मला कधी दिसणार नाही, तिच्यासाठी मी माझं आयुष्य जाळतोय. स्टेलन स्कार्सगार्डने ही वाक्यं अशी म्हटली आहेत की अंगावर काटा येतो.

पण याच भेटीत, त्या भाषणाच्या आधी, लॉनीने एक खबर दिलेली असते. आन्तो क्रीगर नावाचा बंडखोर सरदार आपली माणसं घेऊन स्पेलहाउसच्या वीजकेंद्रावर छापा घालणार आहे आणि साम्राज्याला ते आधीच कळलेलं आहे. ल्यूथेनने क्रीगरला निरोप धाडला तर ती माणसं वाचतील. मात्र खबर फुटली कुठून, याचा शोध सुरू होईल आणि लॉनी उघडा पडेल. ल्यूथेन ठरवतो की क्रीगरला जाऊ द्यायचं. पुढच्या भागात तो आणि सॉ गेरेरा हा दुसरा बंडखोर सरदार हा हिशेब मोठ्याने करतात. तीस माणसं. आणि वर क्रीगर. सॉ आधी भडकतो, ल्यूथेनवर पिस्तूल रोखतो, संशय घेतो, आणि शेवटी मान्य करतो. क्रीगर आणि त्याची माणसं स्पेलहाउसला जातात आणि एकही जण परत येत नाही. साम्राज्य चौकशीसाठीसुद्धा कोणाला जिवंत ठेवत नाही.

म्हणजे लॉनीचा प्रश्न त्या वेळी पुढ्यात असलेल्या एकतीस जणांबद्दलही होता, आणि ल्यूथेनचं उत्तर सगळं स्वतःबद्दलचं होतं. भाषण इतकं देखणं आहे की ते ऐकताना आपण क्रीगरला विसरतो. मला वाटतं, ल्यूथेनच्या कौतुकातली खरी गोम इथे आहे.

माझं म्हणणं साधं आहे. बंडाच्या नेत्याला माणसं मरणाच्या तोंडी द्यावी लागतात, ते टळत नाही. त्याची योग्यता ठरते ती त्या माणसांना आधी काय सांगितलं यावरून. नेत्याने स्वतः किती सोसलं, हा प्रश्न त्यानंतरचा. स्वतः होरपळला म्हणून त्याला दुसऱ्याचा जीव न विचारता खर्च करायचा हक्क मिळत नाही. आपल्या सार्वजनिक जीवनात नेमकं उलट मोजमाप चालतं. नेत्याने घरदार सोडलं, संसार केला नाही, झोप घेतली नाही, तुरुंगवास भोगला, असं कळलं की त्याने कार्यकर्त्यांना काय सांगितलं आणि काय लपवलं हे विचारायचं आपण सोडून देतो. त्यागाच्या बदल्यात त्याला सगळं माफ होतं. म्हणून एका काल्पनिक बंडाची चर्चा मी इतक्या गंभीरपणे करतो आहे.

मालिका ज्यांनी पाहिली नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 'स्टार वॉर्स'च्या विश्वातली ही कथा 2022 आणि 2025 मध्ये दोन पर्वांत, चोवीस भागांत आली. 2016 च्या 'रोग वन' या चित्रपटात जो कॅसियन अँडॉर मरतो, त्याच्या आधीची पाच वर्षं ती सांगते. तलवारीसारखे प्रकाशदंड फिरवणारे योद्धे इथे दिसत नाहीत. कारकून आहेत, कैदी आहेत, सिनेटर आहेत, भंगार तोडणारी माणसं आहेत. बंड अजून जुळायचं आहे, आणि ते कोणी कसं जुळवायचं यावरून बंडखोरांचं आपसात पटत नाही.

आता तोच दहावा भाग पुन्हा पाहा. ल्यूथेनचं भाषण त्या भागाच्या शेवटी येतं. त्याआधी त्याच भागात दुसरं एक भाषण होऊन गेलेलं असतं, आणि ते किनो लॉयचं आहे.

नार्किना 5 हा समुद्रात उभारलेला तुरुंग. पाच हजार कैदी अनवाणी पायांनी बारा-बारा तास यंत्राचे सुटे भाग जोडतात. जमीन धातूची आहे, आणि बटण दाबलं की तिच्यातून विजेचा झटका बसतो. किनो लॉय हा एका खोलीचा मुकादम, स्वतः कैदीच, उरलेल्या शिक्षेचे दिवस मोजणारा. आपल्या माणसांवर ओरडायचं, काम काढून घ्यायचं आणि सुटायचं, एवढंच त्याला ठाऊक. इथे पहारेकरी किती, असं कैदी म्हणून तिथे आलेला कॅसियन त्याला पुन्हा पुन्हा विचारतो आणि किनो तोंड उघडत नाही. मग एक म्हातारा कैदी कोसळतो आणि त्याला तपासायला आलेल्या वैद्याकडून कळतं की चौथ्या मजल्यावरून 'सुटलेला' एक कैदी दुसऱ्या मजल्यावर पुन्हा कामाला लावला गेला. ही गोष्ट फुटली म्हणून त्या मजल्यावरची शंभर माणसं झटक्याने मारून टाकली गेली. म्हणजे कोणाचीच सुटका होत नाही. हे ऐकल्यावर किनो कॅसियनच्या प्रश्नाचं उत्तर देतो. कधीच बारापेक्षा जास्त नसतात.

दुसऱ्या दिवशी ते उठतात. पाण्याचा नळ फोडून जमीन निकामी करतात, पहारेकऱ्यांवर तुटून पडतात, नियंत्रण कक्ष ताब्यात घेतात. ध्वनिक्षेपक किनोच्या हातात येतो. सुरुवातीला त्याला शब्द सापडत नाहीत. मग तो बोलतो, आणि बोलतो म्हणजे माहिती देतो. कक्ष आपल्या ताब्यात आहे. जमिनीतली वीज बंद आहे. दुसऱ्या मजल्यावर शंभर माणसं मारली. आपल्या शिक्षा ते मनाला येतील तशा वाढवतात. सुटका म्हणतात ती दुसऱ्या तुरुंगात बदली असते. त्यांच्याकडे पुरेसे पहारेकरी नाहीत, आणि आपण थांबलो तर तेही त्यांच्या लक्षात येईल. वाटेत कोणी गोंधळलेला दिसला तर त्याला हाताला धरून चालवा. बाहेर पडायची वाट एकच आहे.

या भाषणात किनोने स्वतःबद्दल जवळपास काही सांगितलेलं नाही. नाव, मजला, काम, बस्स. ऐकणाऱ्याला ठरवायला जे लागतं ते सगळं मात्र सांगितलं. जगायची शक्यता किती, हेही त्यात आलं. ते पाच हजार लोक धावले ते समजून-उमजून धावले. मग कड्यासारख्या काठावर येऊन खाली समुद्र दिसतो, माणसं उड्या टाकू लागतात, आणि किनो कॅसियनला सांगतो की त्याला पोहता येत नाही. गर्दीच्या रेट्यात कॅसियन खाली ढकलला जातो. किनोचं पुढे काय झालं ते मालिका दाखवत नाही. किनो साकारणाऱ्या अँडी सर्किसच्या चेहऱ्यावर त्या क्षणी तक्रार नसते. आपण काय केलं ते कोणाला ऐकवायची इच्छाही नसते.

लिहिणाऱ्यांनी ही दोन भाषणं एकाच भागात ठेवली यात योगायोग आहे असं मी मानत नाही. दोघेही आपल्याला न मिळणाऱ्या सुटकेसाठी दुसऱ्यांना पुढे घालतात. एकाने सगळ्यांना सगळं सांगितलं. दुसऱ्याने मरणाऱ्यांना सोडून एका माणसाला आपलं दुःख सांगितलं.

यावर एक आक्षेप लगेच येतो, आणि तो हलका नाही. किनोकडे लपवण्यासारखं काही नव्हतंच. त्याचं बंड एका दिवसाचं. ल्यूथेनला वर्षानुवर्षं टिकायचं होतं, आणि गुप्तचर खातं मागावर असताना ध्वनिक्षेपकावर बोलून काम भागत नाही. हे खरं आहे. म्हणून ल्यूथेनची सगळी कामं एका मापाने मोजू नयेत. अल्धानीची लूट घ्या. साम्राज्याच्या एका विभागाचा तिमाही पगार, आठ कोटी क्रेडिट, धरणातल्या तळावरून पळवायचा. तिथे गेलेल्या बहुतेक माणसांना ल्यूथेनचं खरं नाव माहीत नव्हतं, कॅसियन भाडोत्री आहे हेही माहीत नव्हतं. तरी परत न येण्याची शक्यता त्यांना पक्की ठाऊक होती. निमिकसारखा कोवळा पोरगा रात्री जागून आपला जाहीरनामा लिहीत होता तो याच जाणिवेने. त्या लुटीत निमिक मेला, तारामिन मेला, लेफ्टनंट गोर्न मेला. त्यांच्या मरणाचा दोष मी ल्यूथेनवर ठेवणार नाही. जागा, वेळ, सूत्रधार या गोष्टी गुप्त ठेवाव्याच लागतात. किंमत गुप्त ठेवायची नसते. अल्धानीला ल्यूथेनने फक्त पहिल्या गोष्टी लपवल्या, स्पेलहाउसला किंमतच लपवली.

आणि लुटीनंतर काय झालं? साम्राज्याने कायदे कडक केले, शिक्षा वाढवल्या, रस्त्यावरच्या कोणालाही उचलायला सुरुवात केली. बंडाला गुपचूप पैसे पुरवणारी सिनेटर मॉन मॉथ्मा घाबरून ल्यूथेनकडे येते. लोकांचे हाल होतील, असं म्हणते. ल्यूथेन म्हणतो, तीच तर योजना आहे. जाच वाढल्याशिवाय लोक उठणार नाहीत, असा त्याचा सिद्धांत. त्या वाढलेल्या जाचात कॅसियनच एका किनाऱ्यावर काहीही न करता पकडला जातो आणि सहा वर्षांसाठी नार्किनाला पाठवला जातो. त्याच्यासारखे आणखी किती असतील याची मालिका मोजदाद करत नाही. अल्धानीवर जाणाऱ्यांना धोका ठाऊक होता. किनाऱ्यावर फिरणाऱ्यांना, फेरिक्स ग्रहावरच्या भंगार कामगारांना कोणी विचारलं होतं?

दुसऱ्या पर्वात हाच सिद्धांत घोरमनपर्यंत जातो, आणि तिथे मला ल्यूथेनची बाजू घेणं अशक्य होतं.

घोरमन हा कापडासाठी नावाजलेला ग्रह. तिथल्या कोळ्यांच्या रेशमापासून विणलेलं कापड सगळीकडे जातं, लोक स्वाभिमानी आणि सुखवस्तू आहेत. पूर्वी टार्किन या साम्राज्याच्या अधिकाऱ्याने तिथे निदर्शकांच्या अंगावर जहाज उतरवून माणसं मारली, त्यांचं स्मारक पाल्मोच्या चौकात आहे. साम्राज्याला आता घोरमनच्या जमिनीखालचं खनिज हवं आहे, आणि ते काढलं तर ग्रह राहण्याजोगा उरणार नाही. डोंगरातल्या एका बंगल्यात अधिकारी बैठक घेतात, खाण्यापिण्याची सोय असते, आणि एका लोकसमूहाचं काय करायचं ते शांतपणे ठरवतात. जानेवारी 1942 मध्ये बर्लिनजवळ वान्झेच्या बंगल्यात ज्यूंच्या संहाराची आखणी झाली, ती बैठक लेखकांच्या डोळ्यांसमोर होती. प्रचाराने घोरमनच्या लोकांना बदनाम करावं असं तिथे ठरत असतं. गुप्तचर खात्यातली अधिकारी डेड्रा मीरो सांगते की तेवढं पुरणार नाही. घोरमनमध्ये बंडखोर हवेत, आणि हमखास चूक करतील असे बंडखोर हवेत.

इकडे ल्यूथेन कॅसियनला घोरमनच्या गटाची पारख करायला पाठवतो. कॅसियन परत येऊन सांगतो की ही माणसं तयार नाहीत, नवखी आहेत, यांना यात ओढू नका. ल्यूथेनला ते आवडत नाही. घोरमन पेटलं तर सगळ्या आकाशगंगेला दिसेल, हा त्याचा हिशेब. मग तो वेल आणि सिंटा या आपल्या दोन कसलेल्या साथीदारांना तिकडे पाठवतो. शस्त्रांच्या पहिल्याच लुटीत एका नवख्या पोराच्या हातून गोळी सुटते आणि सिंटा मरते. बंडाने तयार केलेली एक अत्यंत कसलेली सैनिक आपल्याच बाजूच्या अननुभवाने जाते, आणि तो अननुभव कॅसियनने आधीच सांगितलेला होता.

घोरमनबाबत डेड्रा आणि ल्यूथेन यांना एकच गोष्ट हवी होती. दोघांनाही ते पेटायला हवं होतं. हेतू परस्परांच्या उलट होते, हे मी विसरत नाही. पण चौकात गाणं म्हणत जमलेल्या माणसांच्या जागी उभं राहून बघा. त्यांचं गाणं चालू असताना कोवळे, घाबरलेले शिपाई मुद्दाम पुढे उभे केले गेले. छपरावरून साम्राज्याच्याच नेमबाजाने त्यांतला एक टिपला. त्यानंतर जे झालं ते कत्तलच होतं. त्या माणसांचा पुरावा म्हणून उपयोग होईल असं दोन वेगवेगळ्या ठिकाणी दोघांनी ठरवलेलं होतं, आणि दोघांपैकी एकानेही त्यांना तसं सांगितलं नव्हतं. डेड्राने आपला जोडीदार सिरिल यालाही अंधारात ठेवून वापरलं. त्याला चौकात ते समजलं आणि तो कोलमडला. ल्यूथेनची माणसं अशीच वापरली गेली तर ती कोणाकडे दाद मागणार?

सॉ गेरेराची गोष्ट मी थोडक्यात आटोपतो, कारण तिच्यात गुंतागुंत कमी आहे. सॉ लपवत नाही. क्रांती शहाण्यांसाठी नाही, असं तो तोंडावर सांगतो, विषारी इंधनाची वाफ छातीत भरून घेतो आणि पोरांनाही घ्यायला लावतो. त्याच्याकडे माणसाला सगळं कळतं, पण परत फिरायला वाट उरत नाही. आणि त्यानेच वाढवलेली जिन अर्सोसारखी सोळा वर्षांची मुलगी ओझं झाली की तो तिला एका रात्री सोडून निघून जातो. शुद्ध कोण आणि भेसळ कोण याच्या याद्या करण्यातच त्याचं बरंच आयुष्य जातं.

मॉन मॉथ्माबद्दल मात्र थांबून बोलायला हवं. ल्यूथेनचे चाहते तिला नेभळट समजतात आणि तिचे चाहते तिला स्वच्छ समजतात. मला दोन्ही पटत नाही. माझंच माप तिला लावलं तर ती एका ठिकाणी सपशेल नापास होते, आणि ते ठिकाण तिचं घर आहे. बंडाला पैसे पुरवताना तिच्या खात्यात चार लाख क्रेडिटची भगदाड पडते. ती बुजवायला ती डाव्हो स्कल्डन या बदनाम सावकाराकडे जाते. त्याला व्याज नको असतं, आपल्या मुलाची तिच्या मुलीशी गाठ घालून हवी असते. लग्न होतं. तिची मुलगी लेइडा हिला चॅन्ड्रिला या त्यांच्या ग्रहाचा तो जुना रिवाज मनापासून आवडतो, हे खरं. पण आपल्या लग्नाच्या बदल्यात आईने काय मिटवलं हे तिला कधीच कळत नाही. आणि त्याच लग्नात, पैशांचं गुपित ठाऊक असलेला बालमित्र टे कोल्मा तोंड उघडेल अशी चिन्हं दिसतात तेव्हा ल्यूथेन त्याचा बंदोबस्त करतो. मॉन म्हणते, तुला काय म्हणायचं आहे ते मला कळत नाही. ल्यूथेन उत्तरतो, बरं आहे तुझं. ही एकच ओळ मॉनच्या स्वच्छ हातांबद्दल बरंच सांगून जाते. दुसऱ्याने केलेल्या खुनावर ती उभी आहे, आणि तिला ते ठाऊक आहे. त्या रात्री ती नाचत राहते, दारू आणि भीती दोन्ही अंगात भिनलेली. मॉन साकारणाऱ्या जेनेव्हिव्ह ओ'रायलीचा तो नाच सुन्न करून टाकतो.

तरीही मी मॉनला ल्यूथेनपेक्षा वरची जागा देतो, ती सिनेटमधल्या भाषणासाठी. घोरमनच्या कत्तलीला सगळे 'दंगल' म्हणत असताना ती उभी राहून तिला वंशसंहार म्हणते. सत्य मेलं की आरडाओरडा करणारा राक्षस म्हणेल ते खरं होतं, असं सांगते आणि त्या राक्षसाचं नाव घेते. सभागृह भरलेलं असतं. त्या क्षणानंतर तिचं घर, पद, नवरा, मुलगी सगळं मागे राहणार असतं, आणि कॅसियन तिला कसाबसा बाहेर काढतो. भाषणाच्या थोडं आधीच तिला कळलेलं असतं की आपला विश्वासू सहायक एर्स्किन ल्यूथेनसाठीही काम करत होता. म्हणजे ल्यूथेनने सहकाऱ्याच्या घरातही हेर पेरला होता. मॉनने मात्र या वेळी बोललेल्या शब्दाची जबाबदारी उघडपणे स्वतःच्या नावावर घेतली. पुढे कोणालाही तिला जाब विचारता येईल. ल्यूथेनला जाब विचारायला कुठे जायचं, हेच कोणाला ठाऊक नव्हतं.

जाब विचारता येणं ही शांततेच्या काळातली चैन आहे, असं काही जण म्हणतील. इतिहास काय सांगतो? मालिकेचे कर्ते टोनी गिलरॉय यांनी मुलाखतींत सांगितलं आहे की अल्धानीच्या लुटीमागे 1907 च्या जूनमधली टिफ्लिसची लूट होती. भर चौकात बाँब फेकून बोल्शेविकांनी सरकारी पैशांची गाडी लुटली, तेव्हाच्या वृत्तांनुसार चाळीसच्या आसपास माणसं मेली. लूट आखणाऱ्यांत तरुण स्टालिन होता. यातली फारशी न सांगितली जाणारी गोष्ट अशी, की काही आठवडे आधी लंडनला भरलेल्या त्यांच्याच पक्षाच्या अधिवेशनाने असल्या लुटींवर बंदी घातली होती. म्हणजे आधी फसवलं गेलं ते पक्षाच्या सभासदांना. लुटीतला मोठा हिस्सा पाचशे रुबलच्या नोटांचा, त्यांचे आकडे पोलिसांकडे होते, आणि परदेशांत त्या वटवायला गेलेली माणसं पकडली गेली. पुढे त्या लुटीमागचे लोक सत्तेवर आले तेव्हा आपल्याच माणसांना अंधारात ठेवायची सवय त्यांनी टाकली नाही. ल्यूथेनने विजयाआधी मरून आपल्याला एका प्रश्नापासून वाचवलं आहे: तो जिंकला असता, तर त्याने कोणाला काय सांगितलं असतं?

आणि असंच करावं लागतं, दुसरा मार्ग नसतो, हेही खरं नाही. आपल्याकडेच जून 1943 मध्ये शेणोलीजवळ तुफान सेनेने रेल्वेची पगाराची गाडी अडवली, एप्रिल 1944 मध्ये धुळे भागात चिमठाण्याजवळ सरकारी खजिना लुटला. जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही माणसं त्यात होती. भूमिगत तर तेही होते, त्यांच्यावर वॉरंट होती. पण सातारच्या प्रतिसरकारने गावोगाव न्यायदान मंडळं चालवली, भांडणं सोडवली, आणि शिक्षाही दिल्या. तळपायावर मार देण्याची ती शिक्षा सौम्य नव्हती, आणि मी तिचं समर्थन करत नाही. तरी शिक्षा कोणी दिली आणि कशासाठी, हे गावाला ठाऊक असे. पुढे नाना पाटलांना मतं मागायला याच गावांत जाता आलं ते त्यामुळे.

ल्यूथेनच्या बाजूचा सगळ्यात भक्कम मुद्दा शेवटी येतो. डेथ स्टार या साम्राज्याच्या ग्रह उडवणाऱ्या शस्त्राची बातमी बंडापर्यंत पोचली ती त्याच्यामुळेच. ती नसती तर पुढचं काहीच घडलं नसतं. हे मी पूर्ण मान्य करतो. पण ती कशी पोचली ते पाहा. बातमी लॉनीने आणली. इतकी वर्षं जीव मुठीत धरून काम केलेल्या लॉनीने बाकावर बसून सगळं सांगितलं आणि बायको-मुलीसह आपल्याला सुरक्षित बाहेर काढा अशी विनंती केली. ल्यूथेनने ऐकून घेतलं, आणि त्याला तिथेच मारलं. पकडला गेला तर तो बोलेल म्हणून. मग पकडला जाताना ल्यूथेनने स्वतःच्या छातीत सुरा खुपसला, आणि इस्पितळात शिरून क्लेयाने, त्याने पोरीसारखं वाढवलेल्या क्लेयाने, त्याचा श्वास थांबवला. स्वतःच्या बाबतीत तो तितकाच निष्ठुर होता, याबद्दल त्याचे पाय धरावेत. लॉनीचा खून त्याने माफ होत नाही. एखाद्या दिवशी मला तुला मारावं लागेल, एवढं एक वाक्य लॉनीला पहिल्या दिवशी सांगता आलं असतं. मग पुढे यायचं की नाही ते त्याने ठरवलं असतं.

आणि ती बातमी याव्हिनवर, बंडाच्या तळावर, पोचल्यावर काय होतं? मंडळी विश्वास ठेवायला तयार होत नाहीत. ल्यूथेनचा माणूस सांगतोय, म्हणजे यात काय डाव असेल? ज्याने वर्षानुवर्षं प्रत्येकाला अर्धवट सांगितलं, त्याची शेवटची आणि सगळ्यात खरी गोष्ट कोणाला खरी वाटेना. कॅसियन चिडतो, ल्यूथेनने काय काय सोसलं ते सांगतो. त्याचं बरोबर आहे. शंका घेणाऱ्यांचंही बरोबर आहे. ल्यूथेनच्या गुप्ततेची ही किंमत होती, आणि आकाशगंगेतल्या सगळ्यात मोठ्या शस्त्राबद्दल सावध व्हायचे मोलाचे तास त्या अविश्वासात गेले.

'रोग वन'मध्ये हीच सभा पुन्हा भरते. जिन अर्सो डेथ स्टारचे आराखडे चोरायचा मार्ग सांगते, सभा कचरते, मॉन मॉथ्मा सगळ्यांच्या संमतीविना पुढे जायला नकार देते. चर्चेत वेळ जातो, भीती बोलते, हे या उघड कारभाराचं अपयश आहे आणि मी ते झाकणार नाही. मग कॅसियन काही माणसं घेऊन जिनसमोर उभा राहतो. आम्ही सगळ्यांनी या बंडासाठी भयानक कामं केली आहेत, असं तो सांगतो, हेर म्हणून, घातपाती म्हणून, मारेकरी म्हणून. यातलं बरंचसं त्याने ल्यूथेनच्या हाताखाली केलेलं आहे. या वेळी मात्र तो कोणाला अंधारात ठेवत नाही. आराखडे ठेवलेल्या स्कॅरिफ ग्रहाला जाणाऱ्या त्या माणसांजवळ धड योजनाही नसते. परत येण्याची आशा जवळजवळ नाही, हे त्यांतला प्रत्येक जण जाणतो आणि आपल्या पायांनी जहाजात चढतो. त्यांतलं कोणीच परत येत नाही. सभेने नाही म्हटलेलं असतानाही अ‍ॅडमिरल रॅडस आपली जहाजं घेऊन त्यांच्या मागे जातो, आणि आराखडे बाहेर पडतात ते त्या जहाजांमुळे.